एसीचा गॅस 'संपत' नाही : माठापासून मोटारीपर्यंत थंडाव्याचा इतिहास

१/२४
एप्रिल लागला की शिरपुरात महामार्गालगतच्या गॅरेजांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "एसीचा गॅस संपलाय, भरून द्या." मे महिन्यात तापीच्या या खोऱ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी सावळद्याचा पूल ओलांडून धुळ्याकडे निघालेल्या गाडीत वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर एसी ही चैनीची वस्तू राहत नाही. मागणी रास्तच आहे. तथापि त्या वाक्यातील 'संपला' हे क्रियापद यंत्राच्या आणि इतिहासाच्या, दोन्ही दृष्टींनी चुकीचे आहे. ते का, हे या धाग्यात पाहू. आणि त्याच ओघात गाडीच्या एसीचा बिघाड घरच्या अंगणात कसा ओळखावा, हेही पाहू.

२/२४
आरंभ माठापासून करावा लागतो. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आत उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे माठ पाझरतो म्हणूनच गार करतो. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजली की पाझर थांबतो आणि पाणीही गार होईनासे होते. खानदेशची उन्हाळी हवा कोरडी असल्याने ही रीत येथे उत्तम चालते. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ तितका गारवा देत नाही.

३/२४
याच तत्त्वाचे दरबारी रूप म्हणजे वाळ्याच्या ताट्या. थाळनेरहून, म्हणजे आजच्या शिरपूर तालुक्यातून, सुरू झालेली फारुकी राजवट १६०१ साली असीरगड पडून संपली आणि खानदेश अकबराकडे गेला. त्याच अकबराच्या दरबारातील अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार ठेवण्याची आणि सोऱ्याच्या साह्याने पिण्याचे पाणी थंड करण्याची रीत नोंदवली आहे. आज धुळे-जळगावात घरोघरी खिडकीला बसवलेला कूलर हा त्या ताटीचाच वंशज. पाणी शिंपडणारा नोकर गेला, त्या जागी छोटा पंप आला. तत्त्व तेच राहिले.

४/२४
माठ, ताटी आणि कूलर या तिघांत एक गोष्ट समान आहे : तिन्हींत पाणी खर्च होते. वाफ झालेले पाणी हवेत निघून जाते, ते परत येत नाही. म्हणून संध्याकाळी माठ भरायचा आणि सकाळी कूलरची टाकी भरायची, हीच त्यांची देखभाल. थंडावा देणारी वस्तू वापरली की आतले काहीतरी संपणार आणि ते पुन्हा भरावे लागणार, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, आणि शेकडो वर्षे ती बरोबरही होती. गाडीच्या एसीकडे आपण त्याच समजुतीने पाहतो. घोटाळा तेथेच होतो.

५/२४
एकोणिसाव्या शतकात थंडावा ही विकत घेण्याची वस्तू झाली. १८३३ साली बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचे 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांच्या प्रवासात त्यातील बराच वितळला, तरी सुमारे १०० टन पोचला. १८३४ साली हा अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, ही हकीकत त्या काळच्या मुंबईच्या वृत्तपत्रात आली होती. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फातही खर्च होताच. वितळून जाणे हाच त्या धंद्यातील मोठा तोटा.

६/२४
योगायोग असा की, त्याच १८३४ साली, त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या जेकब पर्किन्स याने लंडनमध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. ईथरसारखा चटकन उडून जाणारा द्रव बंद नळ्यांत ठेवायचा. त्याची वाफ होऊ देऊन थंडावा मिळवायचा. मग ती वाफ पंपाने ओढून, दाबून, पुन्हा द्रव करायची आणि मूळ जागी परत पाठवायची. द्रवाची वाफ झाली की गारवा येतो, हे पूर्वीही ठाऊक होते. पर्किन्सच्या दाव्यातील नवी गोष्ट ही की, तोच द्रव वाया न जाता पुनःपुन्हा कामास यावा. माठाचे तोंड आणि अंग दोन्ही बंद करून झिरपलेले पाणी परत माठात आणावे, तशी ही युक्ती होती. आजचा प्रत्येक फ्रिज आणि मोटारीतील जवळपास प्रत्येक एसी याच युक्तीवर चालतो.

७/२४
गाडीत ही युक्ती चार भागांत विभागलेली असते. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल. तिच्यात द्रवाची वाफ होते आणि केबिनची उष्णता शोषली जाते. इंजिनाच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर. तो ती वाफ दाबतो. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर. तेथे दाबलेली गरम वाफ बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. आणि कूलिंग कॉइलच्या तोंडाशी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. त्याच्या बारीक छिद्रातून द्रव कमी दाबात शिरतो आणि पुन्हा वाफ होऊ लागतो. आपण ज्याला 'गॅस' म्हणतो तो आर-१३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. म्हणूनच तो या कामास योग्य ठरतो.

८/२४
या वर्तुळाला बाहेर जाण्याची वाट नाही. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, कूलरच्या पाण्यासारखा उडून जात नाही. घरातील फ्रिज वीस-वीस वर्षे गॅस न भरता चालतो, तो यामुळेच. गाडीची अडचण थोडी वेगळी आहे : इंजिन थरथरते म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि कॉम्प्रेसरचा दांडा बाहेरच्या पट्ट्याने फिरतो म्हणून तेथे सील लागते. या वाटांनी वर्षाला काही ग्रॅम निसटतात. तेव्हा अनेक वर्षांनी गॅस थोडा कमी होणे समजण्यासारखे आहे. दर उन्हाळ्यात भरावा लागणे, याचा अर्थ मात्र एकच : कोठेतरी गळती आहे.

९/२४
हे यंत्र चाकांवर चढले कसे? आपल्याकडे १९३४ साली मुंबईहून सुटणाऱ्या फ्रंटियर मेलचा डबा गार करण्यात आला, पण तो बर्फाने. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, पंख्याने त्यावरून हवा आत सोडायची आणि वाटेतील स्थानकांवर लाद्या पुन्हा भरायच्या. म्हणजे आगगाडीतही प्रथम 'भरणे'च होते. मोटारीत पर्किन्सचे बंद वर्तुळ बसवून विकण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीचा. १९३९च्या अखेरीस तिने १९४०च्या मॉडेलसाठी २७४ डॉलर जादा किमतीत हे यंत्र देऊ केले. ते इतके मोठे होते की सामानाच्या डिकीचा बराच भाग त्यानेच व्यापला.

१०/२४
पॅकार्डच्या यंत्रात एक विचित्र उणीव होती : कॉम्प्रेसर बंद करण्याची सोयच नव्हती. थंडीच्या दिवसांत एसी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे. हे यंत्र लवकरच बाजारातून गेले. १९५४ साली नॅश कंपनीने सर्व भाग आटोपशीर करून गाडीच्या पुढील बाजूस बसवले आणि कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकी क्लच दिला. बटण दाबताच क्लच चिकटतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. आज एसी सुरू करताना बहुतेक गाड्यांत पुढून येणारा 'टक्' हा आवाज त्या क्लचचा. निदानात त्या आवाजाचे महत्त्व फार मोठे आहे. त्याकडे पुढे येऊ.

११/२४
भारतात अँबॅसडर आणि कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात एसी बाहेरून बसवून घेण्याची वस्तू होती. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. पाठोपाठ तिची वातानुकूलित आवृत्ती आली आणि १९८५ साली जपानी सहकार्याने सुब्रोस ही मोटारींचे एसी बनवणारी कंपनी उभी राहिली. तालुक्याच्या गावी एसी पोचायला आणखी बराच काळ गेला. खानदेशातील काळीपिवळी जीप तर उघड्या खिडक्यांवरच धावत राहिली. म्हणजे आपल्या भागातील मोटार-एसीचे वय फार तर एका पिढीचे आहे आणि कूलरची सवय त्याहून जुनी. आता गाडी अंगणात उभी करू आणि निदान क्रमाने पाहू.

१२/२४
पहिला प्रश्न : हवा कमी येते की हवा भरपूर येते पण गार नसते? हे दोन वेगळे आजार आहेत. हवाच कमी येत असेल तर गॅसचा संबंध बहुधा नसतो. अनेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. तो काढून उजेडासमोर धरावा. आपल्या भागातील धुळीने तो एका हंगामात जाड गोधडीसारखा होतो. नवा फिल्टर बसवणे हे घरी, बहुधा हत्याराविना होणारे काम आहे. फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी असेल, किंवा पंखा एकाच वेगावर चालत असेल, तर दोष ब्लोअरमध्ये वा त्याच्या रेझिस्टरमध्ये शोधावा.

१३/२४
दुसरा प्रश्न : कॉम्प्रेसर चालू होतो का? गाडी मोकळ्या जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवावे. एकाने एसीचे बटण दाबावे, दुसऱ्याने पुढे उभे राहून ऐकावे. ओढणी, उपरणे, सैल बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावी; पंखा आपोआपही फिरू लागतो. 'टक्' ऐकू आले आणि कॉम्प्रेसरची पुढची तबकडी पट्ट्याबरोबर फिरू लागली, तर क्लच ठीक. तसे झाले नाही तर प्रथम फ्यूज आणि रिले तपासावा. फ्यूज शाबूत असूनही क्लच लागत नसेल, तर प्रेशर स्विच त्याला रोखत असू शकतो. गॅस फार कमी झाला की कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी हा स्विच तो चालूच होऊ देत नाही. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो. तेथे ही चाचणी लागू पडत नाही.

१४/२४
तिसरा प्रश्न खास आपल्या मुलखाचा : महामार्गावर गार आणि गावात उभी राहिली की गरम, असे होते का? मग कंडेन्सरकडे पाहावे. बाहेर ४५ अंश असताना गॅसने उष्णता टाकायची तर त्याला त्याहून बरेच गरम, ६० अंशांच्या आसपास, व्हावे लागते. तेव्हा आतील दाब सव्वादोनशे पीएसआयपर्यंत जातो. धावत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीला पंखाच आधार. पंखा फिरत नसेल, किंवा कंडेन्सरच्या पात्यांत माती, किडे आणि हंगामात उडणारा कापूस अडकला असेल, तर दाब वाढतो आणि थंडावा जातो. इंजिन थंड झाल्यावर मंद धारेने कंडेन्सर धुवावा. जोरदार प्रेशरच्या पाण्याने पाती वाकतात.

१५/२४
चौथा : सुरुवातीस उत्तम गार, अर्ध्या तासाने हवा कमी कमी होत जाते आणि एसी काही वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत. हे कूलिंग कॉइलवर बर्फ साचण्याचे लक्षण. कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा फिल्टर बुजल्याने कॉइलवरून पुरेशी हवा जात नसते. पाचवा : कॉम्प्रेसर फिरतो, जाड नळी हाताला गार आणि दमट लागते, तरी आत कोमट हवा येते. अशा वेळी गार हवेत हीटरची हवा मिसळणारी झडप अडकलेली असू शकते. बारीक नळीला हात लावताना जपावे. ती चांगलीच तापलेली असते.

१६/२४
एक गैरसमज येथेच दूर करावा. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे. केबिनमधील हवेचा ओलावा गार कॉइलवर जमतो आणि नळीवाटे खाली पडतो; माठाच्या अंगावरील पाझरासारखे दिसले तरी ते आतून बाहेर आलेले पाणी नाही. किंबहुना हवेतील ओलावा काढणे हेच या यंत्राचे आद्य काम. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपली योजना आखली, ती दमट हवेने कागद फुगून रंग सरकत असल्यामुळे. माणसांच्या सुखासाठी नव्हे. पाणी बाहेर न पडता पायाखालची चटई भिजत असेल, तर मात्र ती नळी बुजली आहे असे समजावे.

१७/२४
आता खरी गळती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरते. गॅस निसटतो तेथे तेलही थोडे बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते. म्हणून नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरचे तोंड, आणि महामार्गावरील खडी उडून लागणारा कंडेन्सर यांवर काळपट, चिकट डाग शोधावेत. इंजिन बंद करून संशयित जागी साबणाचे दाट पाणी लावले की मोठी गळती बुडबुड्यांनी उघड होते. गॅस भरण्याच्या तोंडांवरील झाकणे आहेत ना, हेही पाहावे. आतील छोटी झडप जुनी झाली तर ते झाकणच तिचा आधार असते. डॅशबोर्डच्या आतील कॉइलची गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिला उपकरण लागते.

१८/२४
इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे साधनचिकित्सा आठवते. वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. अस्सल कागद पाहिल्यावाचून मत बनवू नये, हा त्यांच्या परंपरेचा आग्रह. पण अस्सल साधनही चुकीचा प्रश्न विचारला तर फसवते. बंद गाडीला प्रेशर गेज लावले आणि ३५ अंशांना ते सुमारे ११५ पीएसआय दाखवते, म्हणून गॅस पुरेसा आहे असे म्हणता येत नाही. आत थोडासाही द्रव शिल्लक असेल तोवर दाब तापमानावर ठरतो. ४५० ग्रॅम असो वा २००, काटा तेथेच राहतो. किती गॅस आहे हे खात्रीने सांगणारे साधन एकच : तो पूर्ण काढून वजन करणे.

१९/२४
येथवरची बहुतेक कामे घरची. गॅसपाशी मात्र थांबावे लागते, आणि त्याचे कारण त्या गॅसच्या इतिहासात आहे. १९२०च्या दशकातील फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. गळती झाली तर माणसे मरत. १९२८ साली जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न पेटणारा, विषारी नसलेला गॅस शोधला. तोच फ्रीऑन, पुढचा आर-१२. १९३० साली मिजलीने तो सभेत सर्वांसमोर छातीत ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची कल्पनाही त्याचीच. मोटारगाडीने जगाला दिलेल्या दोन मोठ्या दुखण्यांचा जनक एकच ठरला.

२०/२४
गळलेला गॅस माणसाला मारत नाही, एवढे कळल्यावर गळतीची फिकीर उरली नाही. गॅस स्वस्त होता. गळला की भरा. गॅरेजात तो सरळ हवेत सोडत. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले की हाच निरुपद्रवी वायू वर जाऊन ओझोनचा थर नष्ट करू शकतो. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनची घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. पर्किन्सने 'वाया न जाता' म्हणून मांडलेले वर्तुळ दीडशे वर्षे व्यवहारात गळकेच राहिले होते. आणि गळलेले कोठे जाते, हा प्रश्न प्रथमच जागतिक राजकारणाचा झाला.

२१/२४
त्यात भारताची भूमिका लक्षात ठेवण्यासारखी आहे. थर विरळ केला तो श्रीमंत देशांनी. मग महाग पर्यायाचा खर्च गरिबांनी का सोसावा? १९९०च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी हा प्रश्न लावून धरला. विकसनशील देशांसाठी निधी मान्य झाला आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. २००८ साली देशातील सीएफसीचे नेहमीचे उत्पादन थांबले. गाड्यांत आर-१२च्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही. मात्र त्याला जुने खनिज तेल चालत नाही, वेगळे तेल लागते. जुन्या गाडीत नुसता नवा गॅस भरून भागत नाही, ते यामुळे.

२२/२४
नव्या गॅसचेही दुखणे निघाले. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. हिशेब करून पाहू. लहान गाडीतील ४५० ग्रॅम गॅस गळून गेला तर तो सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे ती गळती २८० लिटर पेट्रोल जाळण्याबरोबरीची. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४,२०० किलोमीटर : शिरपूरहून मुंबईला पाचदा जाऊन येण्याहून अधिक. गळकी गाडी दर उन्हाळ्यात भरून घेतल्यास हे अंतर दर वर्षी, गाडी न हलवता, कापले जाते. आणि त्यातून वाढणारी उष्णता पुन्हा तापीच्या खोऱ्यावरच येते.

२३/२४
म्हणून २०१६ साली किगाली येथे या गॅसांवरही मर्यादा ठरली. भारताने ती २०२१ साली मान्य केली. आपल्याकडे वापर गोठवण्याचे वर्ष २०२८, आणि टप्प्याटप्प्याने २०४७पर्यंत मोठी कपात. पर्यायी आर-१२३४वायएफ कित्येक पट महाग आहे आणि थोडा ज्वालाग्राहीही. लंडनचा जुना प्रश्न आता तालुक्याच्या टॅक्सीचालकापुढे येणार : खर्च कोणी सोसायचा? महागाईत बनावट माल फोफावतो. २०११ साली काही देशांत आर-१३४एच्या नावाने मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस जहाजी शीतपेट्यांत भरला गेला. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन स्फोट झाले आणि माणसे दगावली. १९२०च्या दशकातील विष स्वस्त डब्यातून परत आले होते.

२४/२४
तेव्हा घरी इतके करावे : फिल्टर, फ्यूज, पंखा, कंडेन्सरची धुलाई, पाण्याची नळी, तेलकट डागांचा शोध. घरी करू नये ते : नळी सैल करून गॅस सोडणे, बाजारातील डबा अंदाजाने रिकामा करणे, स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा प्रयोग. द्रव उडून कातडीला किंवा डोळ्याला हिमदंश होतो. जास्त भरलेला गॅस दाब वाढवून थंडावा उलट घटवतो. आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्ह गोठवतो. मेकॅनिकलाही दोष देता येत नाही. गळती शोधण्याच्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, म्हणून तो मागितले तेवढे करतो. मागणी बदलली तर कामही बदलेल. बॉनेटखालील लेबलवर गॅसचे नाव आणि वजन लिहिलेले असते. ते दाखवून सांगावे : आधी उरलेला गॅस मशिनने काढून घ्या, गळती शोधून बंद करा, अर्धा तास तरी व्हॅक्यूम करा आणि मग काट्यावर मोजून इतकाच भरा.